शेवटच्या पोरीची शर्यत

पवनी

श्यामराव, वासुदेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

मोतीबिंदू काढलेला डोळा आता बरा असेल. पुण्यात लेकाकडे तुमची तब्येत सुधारल्याचे कळले. (आणखी किती सुधारायची?) आमची रुखमिणी वारल्यापासून माझे एकट्याचे कसे चालले म्हणाल, तर झकास.

टीव्हीवर जागतिक मैदानी स्पर्धा लागल्या आहेत. दरवेळी तुम्ही अमेरिका घ्यायचे, मी जमैका, आणि आठवडाभर भांडायचो. यंदा दोन्ही देश माझ्याच गळ्यात. आलटून पालटून दोन खुर्च्यांवर बसलो, पण स्वतःला हरवून स्वतःलाच चिडवता येत नाही. (करून पाहिले.)

म्हणून शेजारच्या गोदावरीबाईंना बोलावले. पोरींची लांबची शर्यत होती, केनिया-इथिओपिया पुढे. बाई म्हणाल्या, "काहो भाऊजी, समोरच्या साऱ्या एकाच घरच्या दिसून राहिल्या. मंग बाकीच्याइले कायले बोलावलं?" मी समजावू लागलो, की आता लहान लहान देशही पदके नेतात, जुन्या मातब्बरांची मक्तेदारी सैल होऊन राहिली आहे. बाईंचे लक्षच नाही. त्यांची नजर सगळ्यात मागच्या पोरीवर. कोणत्या तरी बेटावरची होती. (नाव वाचेपर्यंत पडद्यावरून गेले.) बाकीच्या पोचून पाणी पिऊन राहिल्या, अन् ही एकटीच पळते. बाई ताडकन उठल्या, "पळ वो माय! सोडू नको! पळ!"

रस्त्यावरून चिंधू ढीवर जाळे घेऊन जात होता. त्याला वाटले चोर. तो जाळ्यासकट आत घुसला, स्टुलात अडकून पडला, मागून अर्धा मोहल्ला आला. चोर सापडला नाही, पण पोरगी पोचेपर्यंत कोणी हलले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कितवा नंबर आला?" चिंधूने विचारले.

"शेवटचा," मी म्हणालो.

"मंग येवढं कायले ओरडले?"

"तिच्या मांगं कोणीच नोहतं ना, बापू," बाई म्हणाल्या.

सगळ्यांना चहा केला. कप पुरले नाहीत, म्हणून वाट्यांत दिला. मग जो तो जेवायला घरी गेला. मी कपबशा विसळल्या, सावकाश. टीव्हीवर कोण्या देशाचे राष्ट्रगीत लागले. कोणाचे ते कळले नाही, पण उभा राहिलो. बसा म्हणायला कोणी नव्हते.

तुमचा,
वासुदेव

ता. क. : चिंधूचे जाळे फाटले, गुडघा शाबूत आहे.

आणखी ता. क. : हे पत्र पोचेपर्यंत अमेरिका-जमैकाची रिले शर्यत होऊन गेली असेल. मी पाहणार नाही. नंतरही मोबाईलवर दिसते म्हणतात. तुम्ही आले की सोबत पाहू. वरठी स्टेशनवर घ्यायला येतो. निकाल कळला असेल, तरी सांगू नका.