प्रधानाचं काम काकांना का दिलंत?

प्रिय बाबा,

काल दुपारी वसंताकाकांचा फोन आला. तुमच्या भावाचा, शंकरपटाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा! तुम्हाला अग्नी दिला तेव्हाही ते लांब, निंबाखाली उभे होते आणि कुणाशी न बोलता निघून गेले होते. काल मात्र नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणाले, "मंदे, खरं सांग. दादाले मालूम होतं काय? म्हणूनच मले त्यानं प्रधान केलं होतं काय?"

"उद्या मारेगावला येते, काका, समोरासमोर बोलू," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणून लिहिते आहे. हा प्रश्न मला नाही, तुम्हाला होता. तुम्ही उत्तर न देताच गेलात.

तुमच्या वर्गात मीही बसले आहे, बाबा. "राज्य कसं पडते?" असं तुम्ही विचारायचात. आम्ही ओरडायचो, "शत्रू आला म्हणून, गुरुजी!" तुम्ही मान हलवायचात. "शत्रू तं नेहमीच येते रे. दरबारात खरं बोलणारा उरला नाही, की पडते." बाकीचे गुरुजी लढाया शिकवत. तुम्ही पडझडी शिकवल्या. त्यातूनच तुम्ही ते गढीच्या राजाचं नाटक लिहिलं. तट फुटलेला असतो, राजा प्रधानाला विचारतो, "तट फुटला काय?" प्रधान सांगतो, "नाही महाराज, सारं ठीक आहे." राजा जेवायला बसतो आणि जेवणाच्या ताटावरच मारला जातो. दरसाल पटाच्या दिवशी, बैलांच्या शर्यती आटोपल्या की दुपारी तेच नाटक. लोकांना शेवट पाठ होता, तरी प्रधान तोंड उघडायला लागला की सगळं गाव श्वास रोखून धरायचं.

त्या वर्षी मात्र गावाचं मन वेगळं होतं. कोळशाची खाण शिवेपर्यंत आली होती. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची. शेतं जाणार हे कळलंच होतं. पण गावठाण राहणार, घरं राहणार, असं खुद्द सरपंचानं, म्हणजे आपल्या काकांनीच चावडीवर सांगितलं होतं. त्या भरवशावर लोकांनी घरं रंगवली. सिंधूमावशीनं तर आयुष्यभराच्या शेणसारवणाला कंटाळून नवी फरशी बसवली.

तीच सिंधूमावशी तालमीला आली होती. आठवतं? चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "गुरुजी, अवंदा त्या राजाले जितू द्या न. वावरं तं चाललीच आपली. एखांद्या दिवशी तरी कोणी जितलेलं पाहू द्या."

सगळे तुमच्याकडे पाहू लागले. मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल. काय बिघडलं असतं, बाबा? पण तुम्ही म्हणालात, "सिंधूबाई, नाटकात खोटं जितवलं तं खरं हरताना माणूस बेसावध राहते." ती कप घेऊन आत गेली. मला तुमचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही दुसरा धक्का दिलात! प्रधानाचं काम कायम नामदेव टेलरचं. तुम्ही म्हणालात, "नामदेवचा आवाज बसला. यंदा वसंता करन." काका हसले, "मले कायले, दादा? मी सरपंच हावो, सोंगाड्या नाही." तुम्ही म्हणालात, "एकच तं वाक्य आहे. सांगशील न?"

नामदेवचा आवाज कुठे बसला होता हो? त्याच आठवड्यात तो भजनात सगळ्यांच्या वरताण गात होता.

पटाच्या दिवशी मी नेहमीसारखी पडद्याआड प्रॉम्प्टिंगला बसले. समोर बायका, बैलवाले, कडेवरची लेकरं, दुकानं टाकून आलेले पानवाले. लाल शाल टाकलेल्या खुर्चीवर तुम्ही, चिकटवलेल्या मिशा घेऊन. तुम्ही विचारलंत, "प्रधानजी, तट फुटला काय?"

काका बोलले नाहीत.

मला वाटलं, विसरले. मी पडद्याआडून हळूच म्हटलं, "नाही महाराज." ते गप्पच. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "काका, नाही महाराज!" पुढच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. पण मी जिथे होते तिथून मला त्यांचे हात दिसत होते. पगडीचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. ते तुमच्याकडे पाहतच नव्हते. ते सिंधूमावशीकडे पाहत होते.

तुम्ही पुन्हा विचारलंत. आवाज चढवून. "फुटला काय?"

"फुटला," काका म्हणाले. मग पगडी काढली. "फुटला, दादा. गावठाणबी चाललं. सारं गाव चाललं. मले दसऱ्यापासून मालूम आहे. मले वाटलं, मी थांबवून घेईन."

काही क्षण लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणून राह्यला बे हा?" आणि सगळं मैदान उठलं. खुर्ची आली, दगड आला. दोघं-तिघं स्टेजवर चढले. मी काकांच्या अंगावर धावणारे हात पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा तुम्ही मधे उभे होता. मिशी एका बाजूनं सुटलेली, छाती वर-खाली होत असलेली. "माह्या भावाले हात लावाचा असन, तं पहिले मले लावा!" सिंधूमावशी पायरीशी उभी होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वसंता, फरशी बसवून राह्यली होती तवा तू माह्या दारातून जात होता रे. दरोज."

त्या वाक्यानं काका जे खाली बसले, ते नामदेवनं उठवलं तेव्हाच उठले; त्यानंच त्यांना मोटारसायकलवर मारेगावला त्यांच्या पोरीकडे पोचवलं. सरपंचकी गेली, घराला कुलूप लागलं. ज्या माणसाशिवाय गावात बारसं होत नव्हतं, त्याचं नाव कुणी घेईना.

गाव मात्र वेळेत जागं झालं, हे खरं. बायकामाणसं यवतमाळला गेली, कचेरीपुढे ठाण मांडून बसली. गाव वाचलं नाही. पण चार दिशांना पांगायचं होतं, ते एका जागी, सगळं मिळून जातं आहे. पुढच्या आठवड्यात आपण हलतो. काका तेव्हा "नाही महाराज" म्हणाले असते, तर एवढंही हाती लागलं नसतं.

पण बाबा, त्याची किंमत एका माणसानं भरली. तो तुमचा भाऊ होता.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही ओसरीवर बसला होता. "बाबा, तुम्हाला माहीत होतं का?" तुम्ही म्हणालात, "चहा ठेव." मी चहा आणला तेव्हा तुम्ही तोंड फिरवून बसला होता, आणि पुढे छातीचं दुखणं वाढलं तेव्हा माझी पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

नामदेवचं आठवलं की वाटतं, माहीत होतं. जन्मभर शिकवलेला धडा तुम्ही सख्ख्या भावावर चालवून पाहिलात. घरी, दोघंच असताना विचारलं असतं तर? भर मैदानात कशाला? मग दुसरं आठवतं. काका "फुटला" म्हणाले तेव्हा मी तुमचा चेहरा पाहिला होता. एका क्षणात म्हातारा झालेला. तसं सोंग तुम्हाला जमलंच नसतं. तुम्ही इतके चांगले नट नव्हता, बाबा.

मग खरं काय? की तुमच्या मनात धाकधूक होती, शंका होती, आणि ती खोटी ठरावी म्हणूनच तुम्ही त्यांना उभं केलंत?

आज सकाळी सिंधूमावशी भांडी बांधायला मदतीला आली. मी तिला सांगितलं, उद्या काकांकडे जाते. ती किती तरी वेळ पोत्याला गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "घेऊनच ये त्याले. शिव्या द्याले तरी माणूस जवळ पायजे."

बाबा, तुमच्या वतीनं मी उद्या कुठलंही उत्तर बनवून सांगणार नाही. काकांना बरं वाटावं म्हणून नाही, आणि तुम्ही थोर ठरावं म्हणूनही नाही. नामदेवचं सांगेन, तुमच्या चेहऱ्याचंही सांगेन. त्यांनी रडावं, तुम्हाला दोष द्यावा, माझ्यावर ओरडावं, मी ऐकून घेईन. पण त्यांना तिथे ठेवून परत येणार नाही. सामानाच्या ट्रॅक्टरवर पुढच्या आठवड्यात ते माझ्या शेजारी बसलेले असतील, हा माझा शब्द.

तुमच्यावर रुसलेली आणि तुमचीच,
मंदा