क्रॅशचा दुसरा अर्थ

१९ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा सुधारतोय. गॅरेजमध्ये डेंटिंगची तीन कामं पडून आहेत. तुझी पार्सलची व्हॅन नीट चालते ना? ब्रेक तपासून घे.

आठ महिन्यांनी पत्र, तेही माझं, म्हणून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. पण गेल्या मंगळवारचं सांगायचं राहिलंय, आणि फोनवर मला ते जमणार नाही.

त्या सकाळी तुझा फोन बंद होता. आईने तुझ्या मैत्रिणीला मेसेज करून विचारलं. उत्तर इंग्रजीत आलं : 'क्रॅश्ड अ‍ॅट माय प्लेस. स्टिल नॉट अवेक.'

तीस वर्षं मी चेपलेल्या गाड्या सरळ करतोय. मला एकच क्रॅश ठाऊक. हातोडा टाकला आणि गिऱ्हाइकाची बंपर नसलेली गाडी घेऊन तसाच निघालो.

मैत्रिणीने दार उघडलं, तोंडात ब्रश.

"कुठल्या हॉस्पिटलात आहे?" मी ओरडलो.

"कोण, काका?"

"अगं, ठकू! क्रॅश झाली ना!"

तिने नुसतं बोट दाखवलं. तू सोफ्यावर, पायात बूट तसेच, चक्क घोरत होतीस. थकून दुसऱ्याच्या घरी मिळेल तिथे अंग टाकायचं, त्यालाही क्रॅशच म्हणतात म्हणे.

"आणि बिनबोलावता कुणाकडे घुसलं तरी क्रॅशच, काका."

"म्हणजे मी आत्ता केलं ते," मी म्हटलं. मला हसू आलं, आणि हसता हसता कधी रडू फुटलं ते कळलं नाही. तिला तुला उठवू दिलं नाही. तुला काही सांगायचं नाही, असं वचनही घेतलं तिच्याकडून. पोरगी शब्दाला पक्की दिसते.

आता खरं ते लिहितो. 'व्हॅन चालवायची तर या घरात राहू नकोस, लोक काय म्हणतील' असं मी बोललो होतो. लोकांची मला काडीची पर्वा नव्हती गं. चेपलेली गाडी आली की मी आधी ड्रायव्हरची सीट बघतो. तिथे मला तू दिसायचीस. भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ओरडलो. चुकलो.

रविवारी ये. तुझ्या शेजारच्या सीटवर बसून एक चक्कर मारायची आहे. तोंडातून अक्षर काढणार नाही. फार तर एकदा 'हळू' म्हणेन.

तुझाच,
घाबरट बाबा