एक्केचाळीस पानांची यादी

प्रिय बारक्या,

फोनवर बोलले तर भांडेन, म्हणून लिहिते आहे. लिहिताना निदान तू मध्येच ‘ताई, सोपं आहे गं’ म्हणू शकत नाहीस. गेला महिनाभर तुझं हे वाक्य माझ्या कानाशी माशीसारखं गुणगुणतंय.

स्टुडिओ बंद केला तेव्हा बाबांनी सगळे फोटो कॉम्प्युटरवर आणले, एका वर्षाचा एक फोल्डर. आणि नावं ठेवायची त्यांची तऱ्हा तर तुला ठाऊकच आहे. लोक फोटोला तारीख देतात, बाबा आख्खं वाक्य द्यायचे. ‘सुतार हसला की मिशी आधी हलते.’ ‘जुळ्या बहिणी, डावी खोडकर, उजवी तिच्यावर कडी.’ ‘विमावाले, पासपोर्ट, डोळे मिटले, दुसरा काढला, तोही तसाच.’ दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, जे काही बोलायचं ते फाइलच्या नावात. त्या लांबलचक नावांवर बॅकअप अडखळायला लागला, म्हणून मी तुला विचारलं. तू तिकडून एका ओळीची कमांड पाठवलीस, सगळ्या फोल्डरांतल्या सगळ्या फाइलींना वर्ष आणि पुढे आकडा. दोन मिनिटांचं काम, म्हणालास. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय!

दोन मिनिटंही लागली नाहीत, हे मान्य. तू सांगितलंस म्हणून आधी नुसती चाचणी केली. त्यात जुनं नाव आणि नवं नाव समोरासमोर दिसतं, बदलत काही नाही. ती यादी मी छापून घेतली, एक्केचाळीस पानं भरली. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं काढलेली बाई मी, कागद हातात आल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह करू का? मी ठणकावून नाही म्हटलं. कागद होता ना! मग कमांडमधला चाचणीचा शब्द काढला, एंटर दाबलं, आणि दोन हजार अठ्ठावन्न वाक्यांचे आकडे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा नेहमीसारखे कॉम्प्युटरपुढे बसले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात गेला, बोललेलं कुणाला कळत नाही, पण डाव्या हाताच्या एका बोटाने ते रोज शोधायच्या चौकटीत काहीतरी टाइप करायचे. मी जवळ गेले की पुसायचे. मला वाटायचं, वेळ जात नसेल. त्या दिवशी काही सापडेना. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. मग माझ्याकडे असे बघत राहिले, की वाटलं, घराला बाहेरून कुलूप घालून किल्ली मीच विहिरीत टाकली. चार दिवस धड जेवले नाहीत.

तुला फोन केला, तर तू म्हणालास, यादी सेव्ह असेल तर उलट करणं सोपं आहे, नसेल तर टाइप कर. टाइप कर म्हणे! तीन आठवडे, कामावरून आले की चहा घेऊन बसायचे आणि एकेक नाव बडवायचे. मान धरली, चष्म्याचा नंबर वाढला. मग कमांड लिहायच्या तुझ्या त्या काळ्या खिडकीला नावांतल्या मोकळ्या जागा खपेनात. नाव अवतरणचिन्हांत ठेवायचं असतं, हे कळायला आणखी दोन दिवस गेले. तुला विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे आधी एका फोल्डरची प्रत काढून तिच्यावर करून बघितलं आणि मगच सगळ्यांवर.

पण टाइप करता करता मी बाबांना पहिल्यांदाच सलग ऐकलं रे. एके ठिकाणी मीही होते: ‘थोरली, भांडून आल्यावर. हीच खरी.’ हसू आलं आणि रडूही. आणि एकोणतिसाव्या पानावर तू होतास. तुला स्टुडिओ नको होता, बाबा एकच शब्द बोलले होते, ‘जा’, आणि तू गेलास. त्यांनी स्टुडिओच्या काचेतून तुझा फोटो काढला होता, हे मला माहीत नव्हतं. समोरचा बसथांबा, खांद्यावर बॅग. नाव आहे: ‘बारक्या निघाला. पाठमोरा. थांब म्हणायला हवं होतं मी.’

काल सगळी नावं परत आली. बाबा बसले, एका बोटाने टाइप केलं, आणि मी जवळ गेले तरी या वेळी पुसलं नाही. ‘बारक्या’ लिहिलं होतं. तोच फोटो उघडला आणि दिवेलागणीपर्यंत बघत बसले. रजा मिळत नाही, तिकिटं नाहीत, हे मला ऐकवू नकोस. बॅग भरणं दोन मिनिटांचं काम आहे. अकरा वर्षं तो माणूस तुझी पाठ बघतोय. आता येऊन तोंड दाखव.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई