शेवग्याची जागा

४ फेब्रुवारी
तळेगावात आलो एकदाचे. सामान उतरवताना वेदश्रीने मला एकदाही टोकलं नाही, म्हणजे बायकोला घर पसंत आहे. अख्खा वरचा मजला आमचा. अंगणातला शेवगा शेंगांनी लगडलाय आणि आमची लेक इला त्याच्याखाली फतकल मारून बसली आहे. घरमालक बंडूजी कापसाचे व्यापारी, खाली एकटेच राहतात. तर्रीपोहे घेऊन आले, तर बशा जास्तीच्या. नेहमीच असं होतं म्हणाले, हात ऐकत नाही. वर हसून म्हणाले, "एकट्यासाठी एवढं घर काऊन बांधलं, मलेच समजत नाई."

६ फेब्रुवारी
बंडूजींच्या माळ्यावर खजिना सापडला. टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, माझ्या जन्माआधीचा, आणि चालूही झाला. कोणी आणला ते त्यांना आठवत नाही. घेऊन जा म्हणाले. अशा मशीनसाठी नवे खेळ लिहिणं हा माझा जुना नाद. प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, टूलने मशीनला कळेल असा करायचा, लॅपटॉपवरच मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम असतो, त्या नकलेत तपासायचा, मग कॅसेटच्या वायरीतून खऱ्या मशीनमध्ये सोडायचा. इलाच्या वाढदिवसाला याच घराचा खेळ करतोय: अंगण, जिना, शेवगा आणि आम्ही तिघं. वेदश्री म्हणते, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

९ फेब्रुवारी
नकलेत खेळ झकास चालतो, खऱ्या मशीनवर आपटतो. मशीनच्या मेमरीत जागाच पुरत नाही. नकलेत मी जागा सैल ठेवली होती, हा माझाच शहाणपणा. खेळातला शेवगा काढून टाकला आणि खेळ बसला. पडद्यावर इवलीशी इला जिना चढते. खरी इला टाळ्या पिटत होती.

१० फेब्रुवारी
अंगणात शेवगा नाही. बुंधा नाही, आळंसुद्धा नाही. वेदश्री म्हणते तिथे कधी झाड नव्हतंच. बंडूजीही तेच म्हणाले. पण मी इथे लिहिलंय. मशीनची वायर काढून ठेवली, तरी झाड आलं नाही. मला भीती वाटते आहे.

११ फेब्रुवारी
चूक माझी, निस्तरायलाही मलाच हवी. टूलमध्ये एक सोय आहे: जागा कमी पडली तर काय वगळायचं ते टूलच ठरवतं. ती चालू केली, शेवगा परत घातला, खेळ मशीनमध्ये सोडला. खिडकीबाहेर पाहिलं तर शेवगा, शेंगांसकट. जीव भांड्यात पडला.

१२ फेब्रुवारी
सकाळी चहा दोन कप केला. इला चहा पीत नाही. मग तिची वेणी घालायला बसलो तर येईना. रोज कोण घालतं? मागची पानं वाचली. वेदश्री — माझी बायको. इलाला विचारलं, आई कुठे? ती म्हणाली, कोणाची?
खेळातून शेवगा पुन्हा वगळला. जागा झाली. पण वेदश्रीचं चित्र लॅपटॉपमध्येही नाही, आणि नव्याने काढू कसं — तिचा चेहरा मला आठवत नाही.

१३ फेब्रुवारी
अंदाजानेच बाईचं चित्र काढलं. वेणीसाठी तिच्या हातात कंगवा दे, इला म्हणाली. दिला. चेहरा कोराच ठेवला. मशीनमध्ये सोडलं — कंगव्याने जागा पुन्हा कमी पडली, आणि टूलची ती वगळायची सोय बंद करायची राहिली — इला इथेच बसली होती — इला माझी लेक, पुढचा दात पडलाय, लिहून ठेवतो, इला, इ

१४
मागच्या पानावर एक नाव आहे. दात पडलाय म्हणे. काही आठवत नाही. तरी रडू थांबत नाही.
बंडूजींनी जिन्याखालून विचारलं, एकट्याले एवढं घर काऊन लागते?
पण एकटा नाही मी. एक बाई आहे. कंगवा घेऊन खोल्या धुंडाळते. कुणाला शोधते विचारलं — तिला तोंड नाही —

१५
शोधणं थांबलंय. माझ्या मागे उभी आहे. कंगवा माझ्या के