चढासाठी टर्बो

अहो,

ओट्यावरून पाना खणकन पडला, तरी तुम्ही बापलेक दुपारच्या झोपेतून हलला नाहीत. तेवढ्यात लिहून घेते.

तिचाकी मोटारसायकलला इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवलाय आणि गॅरेजच्या चढावर घेऊन चालले आहे. मागे तुम्हा दोघांच्या वजनाची वाळूची पोती बांधलीत. काल निघालेला निळा धूर नशिबाचा नव्हता, माझ्या चुकीचा होता. टर्बोतलं तेल इंजिनात परत यायची नळी मी चढती बसवली होती. सकाळी उतरती केली, धूर गेला. "नाद सोड," म्हणालात, पण पाना धरायला तुम्हीच शिकवलंत, आता भोगा.

पाय गेल्यापासून तुम्ही स्वतःच्या गॅरेजची पायरी चढला नाहीत. तिघं बसलो की गाडी अर्ध्या चढावर दम टाकते, हे कारण आजपासून बंद. गाडी थांबवल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं, म्हणजे टर्बो निवतो. हे लक्षात ठेवा, तुम्हाला लागेल.

दूध तापवून ठेवलंय.

लेक उठली. खिडकीतून पोती बघून विचारतेय, "उद्या बाबा गाडी चालवणार, की असेच मागे बसणार?"

उत्तर तुम्हीच द्या. चिठ्ठी तिच्याच हातात देते.