इराणी नाण्याचा चावलेला काठ

उदगीर, रविवार संध्याकाळ

माझी शमा उद्या लातूरला क्लासच्या होस्टेलवर चालली. तिच्या गळ्यात घालावं म्हणून अम्मीचं चांदीचं नाणं नवी कडी बसवायला सराफ्यात नेलं. सराफाचे म्हातारे वडील निजामाच्या काळात उर्दू शिकलेले. त्यांनी भिंग धरून त्यावरची फारसी अक्षरं वाचली. म्हणाले, “बेटी, हे इराणच्या जुन्या बादशहाचं हाय. शौकीन लोक असं नाणं शोधून राहिले. कडी नको लावू. काठ तेवढा कुणीतरी चावलाय, उजळा देताना घासून सपाट करतो.”

मी नाणं त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. काठ चावणारा माझा धाकटा भाऊ मुन्ना. अम्मीच्या मांडीवर बसून तो तिच्या गळ्यातलं हेच नाणं चघळायचा. मामूच्या गावी होता, तिथंच भूकंपात गेला. त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आता त्याचा चेहराही नीट आठवत नाही. नाक कसं होतं त्याचं? हा काठ मात्र अंगठ्याला लगेच सापडतो.

“असं काळंच देणार पोरीला?” ते म्हणाले. हाव म्हटलं. उजळा दिल्याशिवाय चांदी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची न्हाई, ही त्यांची रीत. म्हणून कडी बसेपर्यंत मी समोरून हलले नाही.

आता शमा गणितं सोडवून राहिली. अडली की नाणं दातात धरते. मुन्नाला अम्मी म्हणायची, “थूक रे.” तेच माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही.