थांबा, दत्तप्रसाद येतोय

प्रिय दत्ता,

ईमेल सोडून कागदावर का लिहितेय, असं विचारू नकोस. माझ्या ईमेलला तू अंगठा पाठवतोस. मागे मी विचारलं, की बाबा रे, 'मंगळवार'च्या जुन्या निरोपांची फाईल फुगत चाललीय, ती कुठून कापू? उत्तर आलं, अंगठा. कुठून कापू या प्रश्नाला असलं उत्तर तुमच्या टोरांटोत चालत असेल. कोल्हापुरात असं उत्तर देणाऱ्याचा अंगठाच आधी कापतील. असो. तुझ्या प्रोग्राममधली एक ओळ काढून टाकायला मला सांगितलंय आणि माझा हात काही पुढे होत नाही. कुणी सांगितलं आणि का, ते येईलच पुढे. पण त्याआधी मला तुझ्याशी पोटभर भांडून घ्यायचंय. इतक्या वर्षांचं साठलंय, तेव्हा पाणी पिऊन बस.

माझ्या क्लासमधली पोरं विचारतात, मॅडम, हे 'मंगळवार' म्हणजे काय असतं? फक्त मंगळवारी उघडतं का? मी सांगते, गावातल्या चावडीवर फळा असतो ना, तसा कॉम्प्युटरमधला फळा. मंगळवार पेठेत सुरू झाला म्हणून मंगळवार. पॉलिटेक्निक संपवून आपण दोघं रिकामे बसलो होतो तेव्हा तू तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या फोनला कॉम्प्युटर जोडलास. लोकांनी आपल्या कॉम्प्युटरवरून तो नंबर फिरवायचा, आत यायचं, फळ्यावरचं वाचायचं, आपलं लिहायचं आणि बाहेर पडायचं. फोन एक, म्हणून आत माणूसही एकच. तुझ्या आईला संध्याकाळी बहिणीशी बोलायचं असलं तर काकू आधी त्या मॉडेमला विचारायच्या, झालं का रे बाबा तुझं? खूश होते ते एकटे अण्णा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, आज कोण कोण येऊन गेलं? मग तुला नोकरी लागली. निघताना म्हणालास, दोन वर्षं सांभाळ श्यामे, मी येतोच. मी हो म्हटलं. गाढव मी.

तुझा प्रोग्राम इतक्यात उघडून बघितलायस का? नसशीलच. आकडे साठवायच्या दोन जागांना तू रश्शाची नावं दिलीस, 'तांबडा' आणि 'पांढरा'. तांबडा शून्य झाला की पांढरा एक होतो. का होतो, ते दत्तमहाराजांना ठाऊक. मी एकदा वैतागून पांढरा काढून टाकला, तर फळ्यावर रोज येणारे मुरगूडचे हंबीरराव भलत्याच माणसाच्या नावाने आत शिरले आणि स्वतःच्याच निरोपाला स्वतःच झणझणीत उत्तर देऊन आले. शेवटी पांढरा परत आणला. आणि जिथं जिथं अवघड जागा आली, तिथं तिथं तू लिहून ठेवलंयस, 'हे नंतर नीट करू.' चाळीस ठिकाणी तरी असेल. नंतर म्हणजे कधी, आणि करू म्हणजे कोण? फार वर्षं मी यावर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, दत्ता, तुझं 'नंतर' म्हणजे मी.

सन दोन हजार उजाडलं तेव्हा फळ्यावर साल आलं १९१००. सकाळी सकाळी हंबीररावांचा फोन, "ताई, आमी एवढं जगलो व्हय?" ते मी नीट केलं. पुढे फोनवरून आत येणं बंद पडलं, तेव्हा सगळा पसारा मीच इंटरनेटवर हलवला आणि एका वेळी पाच जण आत येतील अशी सोय केली. कौतुक राहिलं बाजूला. हंबीरराव म्हणाले, "आदी आत गेलं की घर आपलं असायचं. आता कोन तरी मागं हुबं हाय असं वाटतंय." मग मराठी अक्षरांचं लफडं. ओळ भरली की तुझा प्रोग्राम ती खाटकासारखी तिथंच तोडायचा. अक्षर वरच्या ओळीत, त्याची मात्रा खालच्या ओळीत. अण्णा रोज मला अशी तुटकी वाक्यं दाखवायचे, गल्लीत पाइप फुटल्याची तक्रार घेऊन आल्यासारखे. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. विश्वजितने माथेरानची तिकिटं काढली होती. ती फाडताना तो एवढंच म्हणाला, "तुजं सासर नेमकं कुठलं, हे की मंगळवार पेठंतलं?" नवरा चांगला म्हणून निभावलं. दुसरा असता तर त्याने तुझा प्रोग्राम आणि मला, दोघांनाही रंकाळ्यात बुडवलं असतं.

काकू गेल्या तेव्हा तू आलास. तेरावा झाला आणि बॅग भरता भरता अण्णांना म्हणालास, ते जुनं खोकं आता बंद करा. पुढच्या वर्षी येतो, मग तुमचं तिकडं यायचं बघू. तू टॅक्सीत बसल्यावर अण्णांनी मला जिन्यात गाठून विचारलं, बंद नाही ना करणार तू? मी म्हटलं, नाही. तुझं ते पुढचं वर्ष अजून यायचंय.

आता त्या घंटेविषयी. आत आलेल्याला काही अडलं तर त्याने 'बोलवा' हे बटण दाबायचं, ही तुझीच युक्ती. दाबलं की तुझ्या खोलीत घंटा वाजायची आणि दाबणाऱ्याच्या पडद्यावर ओळ उमटायची, 'थांबा, दत्तप्रसाद येतोय.' घंटा मी माझ्या मोबाइलवर आणली. ओळ तशीच ठेवली. उलट इंग्रजी अक्षरांतून ती देवनागरीत मीच आणली. म्हणजे दत्तप्रसाद येतोय म्हणून लोकांना थांबवायचं आणि यायचं कुणी, तर श्यामलाने, पिठाच्या हातांनी. तर गेल्या दिवाळीनंतर ही घंटा बिघडली. रोज दिवेलागणीला वाजायची आणि मी धावत जाऊन बघावं, तर आत कुणीच नाही. मी तुझा सगळा प्रोग्राम उसवला. तांबड्या-पांढऱ्याची पुन्हा झडती घेतली. तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

एके दिवशी अण्णांचा कीबोर्ड बदलायला त्यांच्या घरी गेले. काम झालं. अण्णा म्हणाले, चहा टाक. मी स्वयंपाकघरात आधण ठेवत होते आणि माझ्या पर्समध्ये घंटा वाजली. दारातून वाकून बघितलं. अण्णा पडद्यासमोर बसले होते आणि ओळ आलेली होती. त्यांनी ती ओठ हलवत, सावकाश वाचली. मग बाहेर पडायचं बटण दाबलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. प्रोग्राममध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं, दत्ता. त्यांचं काही अडलेलंही नव्हतं. त्यांना नुसती ती ओळ बघायची होती. मी चहा आणला, साखर फार झालीय म्हणून ते माझ्यावर ओरडले आणि मी ऐकून घेतलं. मला रडू येत होतं आणि तुझा इतका राग येत होता, की तू समोर असतास तर जुना कीबोर्ड तुझ्या डोक्यात घातला असता. त्यानंतर संध्याकाळी घंटा वाजली की मी हातातलं काम सोडत नसे. वाजू देत असे.

मग सहस्रचंद्रदर्शन आलं. अण्णांना ते नरसोबाच्या वाडीलाच करायचं होतं, दत्ताच्या पायाशी. तू येतो म्हणालास. अण्णांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, सर्वांनी यावे, चिरंजीव येत आहेत. आणि आदल्या दिवशी तुझा निरोप, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी अडचण आलीय, जागचं हलता येत नाही, नंतर नक्की येतो. सोबत सुक्या मेव्याचा डबा. लोकांची सॉफ्टवेअरं सांभाळायला तुला जागचं हलता येत नाही, हे वाचून हसावं की रडावं ते मला कळेना. वाडीला मुलासाठी मांडलेला पाट रिकामा राहिला. गुरुजींनी विचारलं, मुलगा कुठंय? फेटा बांधून आलेले आपले हंबीरराव भाबडेपणाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येतोय की! वाटंवर हाय." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

परतताना हातकणंगलं मागे पडलं. मग अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "श्यामल, ती ओळ तेवढी काढून टाक. मशीन झालं म्हणून काय झालं, लोकास्नी खोटं सांगू नये." मी म्हटलं, बघते नंतर. बघ, तुझाच शब्द माझ्या तोंडून निघाला. त्या दिवसापासून संध्याकाळची घंटा वाजलेली नाही. मीच आता दिवेलागणीला मोबाइल उचलून बघते, चालू आहे ना म्हणून.

एवढ्यासाठी हे पत्र. ती ओळ माझ्यासमोर उघडी आहे. काढायला मिनिटसुद्धा लागणार नाही. तारखा, अक्षरं, आत यायची वाट, तुझ्या प्रोग्राममधलं लोकांना दिसणारं सगळं बदलून झालंय. तुझं म्हणावं असं एवढंच उरलंय. अण्णा फोन करून विचारतात, काढलीस का? मी थाप मारते, की दत्ताचा प्रोग्राम फार किचकट आहे, वेळ लागतोय. तुझ्या त्या भयंकर प्रोग्रामचा जन्मात पहिल्यांदा काही उपयोग झाला. पण अण्णा कचेरीतले जुने माणूस, फाईल किती दिवस अडवता येते हे त्यांना कळतं. आणि मलाही, खरं सांगायचं तर, ती ओळ काढवत नाही. तीस वर्षं मीही ती वाचत आलेय. तेव्हा खोटी असेल तर तसं स्वच्छ लिहून पाठव, मी काढते. अंगठा पाठवू नकोस. खरी असेल तर मला काहीच कळवू नकोस. सरळ मंगळवार पेठेत जा, जिना चढ आणि दारावरची घंटा दाब. एकदाच दाब. त्यांचे गुडघे दुखतात, उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. या वेळी तू थांब. अण्णा येतायत.

अजून तरी तुझीच,
श्यामला